बेलसाहेब आणि आमची तिसरी गल्ली

मला राग येतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे 'सर, एवढं काय झालं त्यात' असं म्हणणाऱ्यांनी इथेच थांबून आपला वेळ वाचवावा. छत्तीस वर्षं मी आठवी ते दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवलं, आणि तेही अशा वर्गात, की ज्याच्या एका बाजूला कापसाचं जिनिंग आणि दुसऱ्या बाजूला एसटी स्टँड. आवाज चढवल्याशिवाय तिथे गुरुत्वाकर्षणसुद्धा मागच्या बाकापर्यंत पोचत नव्हतं. रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण आवाज शाळेत जमा करून घेत नाहीत. गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे एवढं पुरे. नाव सांगत नाही, कारण नगर परिषदेत माझी फाइल अजून पडून आहे.

राग कशाचा, तर एका खोक्याचा. खोकं साबणाच्या वडीएवढं, आणि त्यात साधनाची कानाची मशीन. साधना म्हणजे माझी बायको. मी रिटायर झालो त्याच सुमारास तिला कमी ऐकू यायला लागलं आणि मग कमी होतच गेलं. आमची मुलगी ममता पुण्याला असते. तिची खुशी सात वर्षांची. दर रविवारी नऊ वाजता खुशी आजीला फोन करते. करायची. एका रविवारी ती म्हणाली, "आजी, मी सायकलवरून पडले," आणि आजी म्हणाली, "हो हो, छान छान." पुढच्या रविवारी तिने आईला सांगितलं, आजी माझं ऐकतच नाही, मला नाही बोलायचं. तेव्हापासून रविवारी साधना फोन मांडीवर घेऊन नऊपासून अकरापर्यंत बसते आणि मग उठून कुकर लावते. मी तिच्याशी वर्षभर भांडून तिला नागपूरला नेलं. डॉक्टरांनी तिच्या कानाचा साचा घेतला, मशीन बंगळुरूला बनली आणि कुरिअरने निघाली.

ती आमच्या घरी सोडून सगळीकडे पोचली. एकदा पांढरकवड्याला जाऊन आली. दोनदा यवतमाळहून आमच्या गावात येऊन परत गेली. दोन्ही वेळा शेरा एकच: पत्ता सापडला नाही, ग्राहक फोन उचलत नाही. ग्राहक म्हणजे साधना! ज्या बाईला ऐकू येत नाही म्हणून मशीन मागवली, तिच्याच नंबरवर हे लोक घंटी वाजवत होते. मी फॉर्मवर माझा नंबर लिहिला होता. तो खोडून काउंटरवरच्या मुलीने 'पेशंटचाच लागतो' म्हणून तिचा टाकला होता. त्या दिवसापासून साधनाचा फोन मी माझ्या खिशात ठेवला. पण कंपनीने बजावलं, की तिसऱ्यांदा परत आली तर मशीन बंगळुरूला जाईल आणि तुम्हाला पुन्हा नागपूरला येऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. साधनाने हे माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. "मी काही पुन्हा येत नाही नागपूरले," ती म्हणाली. "राहू द्या. झालं आता आपलं." आणि ती एकदा नाही म्हणाली की नाहीच असतं.

आता पत्त्याचं खरं दुखणं ऐका. आमच्या शिक्षक लेआउटमध्ये सहा गल्ल्या आहेत आणि एकीलाही नाव नाही. एकोणीस वर्षं आम्ही पत्ता सांगतो तो असा: पाण्याच्या टाकीकडून या, निळं गेट लागेल, तिथून डावीकडे. निळं गेट रामरावांनी दिवाळीत पिवळं केलं. मी त्यांना म्हटलं, रामरावजी, रंग देण्याआधी इचाराले काय झालं होतं? ते म्हणाले, "माहं गेट, मी कोनताबी कलर देईन." झालं, गाव एका डबाभर रंगात बेपत्ता.

गल्ल्यांना नावं द्यायची म्हणून रामरावांच्याच ओसरीवर बैठक भरवली. नावं का पडली नव्हती ते पाचव्या मिनिटाला कळलं. इथे प्रत्येक घराला आपला महापुरुष आहे, आणि खोटं कशाला बोलू, सगळेच मोठे आहेत. पण गल्ल्या सहाच. माझाही आहे. त्यांच्यामुळे माझ्या बापाने मला शाळेत घातलं, त्यांची तसबीर माझ्या बैठकीत आहे आणि रोज सकाळी मी तिच्यासमोर उभा राहतो. पण मी तोंड उघडलं की रामराव तोंड उघडणार, ते थांबले की भीमसिंग उघडणार, आणि चहा निवायच्या आत पोलीस दारात. म्हणून मी उभा राहिलो आणि वर्गात म्हणायचो तसं म्हणालो, "शास्त्रज्ञ! संशोधक! ज्याईची जात इथं कोनाले ठाऊक नाही, अशे लोक!"

सगळे गप्प झाले. मला वाटलं पटलं. खरं तर ते मनातल्या मनात जात शोधत होते. एडिसन नेमका कोणातला असेल यावर दोघांनी बाजूला जाऊन चर्चा केल्याचं मी या कानांनी ऐकलं.

मी सहा नावं काढली. वाफेच्या इंजिनाचा वॉट. (त्याने ते शोधलं नाही, सुधारलं. हे मी छत्तीस वर्षं सांगतोय आणि छत्तीस वर्षं पोरं पेपरात 'शोधलं'च लिहितात.) दिव्याचा एडिसन, टेलिफोनचा बेल, बिनतारी संदेशाचे आपले जगदीशचंद्र बोस, कापसाच्या जिनिंगचा व्हिटनी आणि पाणी ओतायच्या संडासाचा कमिंग. चिठ्ठ्या टाकल्या. तिसऱ्या गल्लीला, म्हणजे माझ्या गल्लीला, बेल आला. तो चिठ्ठीवर सोडला नव्हता, चिठ्ठी आधीपासून माझ्या मुठीत होती. कारण बेलच्या आईला ऐकू येत नव्हतं, बायकोला तर अजिबातच नाही, आणि तो स्वतः बहिऱ्या मुलांचा मास्तर होता. त्या खटाटोपातून तो टेलिफोनपर्यंत पोचला. एवढा माझ्या घरातला माणूस मी दुसऱ्या गल्लीला जाऊ देणार नव्हतो.

दुसऱ्या गल्लीला एडिसन आला तर ते लोक चिडले, की आमचीच लाइट सगळ्यात जास्त जाते आणि तुम्ही वरून चेष्टा करता. सहाव्या गल्लीला कमिंग आला. सहावी गल्ली रामरावांची.

"संडासवाला?" रामराव उभेच राहिले. "पोराचं लगन हाय बैसाखात. पत्रिकेत काय छापू? निवासस्थान, संडासवाल्याची गल्ली? थो जिनिंगवाला द्या मले. पंधरा एकर कापूस हाय माहा."

मी म्हटलं, एक दिवस त्याच्याशिवाय राहून दाखवा. ते म्हणाले, बाप राहिला, आजा राहिला, मी बी राहीन. शिवाय मी त्यांना व्हिटनीचं सगळं सांगितलं. त्याच्या यंत्राने सरकीतून कापूस झटपट सुटायला लागला, म्हणून अमेरिकेत पेरा वाढला, म्हणून वेचायला आणखी गुलाम जुंपले गेले. कापूस सुटला आणि माणूस अडकला. रामराव म्हणाले, "त्याच्यात मशीनची काय चूक?" याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही, आणि त्याचाही मला राग आहे.

शेवटी, जिनिंगवाला ज्यांना आला होता, त्या पाचव्या गल्लीचे भीमसिंग उठले. एसटीत कंडक्टर होते, फार बोलत नाहीत. "सर, थो संडासवाला आमाले द्या," ते म्हणाले. "आमच्या तांड्यावर माही याडी अंधार पडाची वाट पाहे. दिवसभर पानी नाही पे. ज्यानं हे काढलं, थो माह्यासाठी मोठाच मानूस." याडी म्हणजे आई. ओसरीवर कोणी हसलं नाही. रामरावांना जिनिंग मिळालं आणि त्यांनी मान खाली घालून चहा ओतला.

मग नगर परिषद. नामकरणाच्या टेबलावर विमलताई बसतात. बाई स्वभावाने वाईट नाहीत, आणि त्यामुळे त्यांच्यावर धड ओरडताही येत नाही. त्यांनी माझा अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"सर, यायचा मृत्यूचा दाखला लागन."

"कोणाचा?"

"हे बेल. आन् एडिसन. जित्त्या मानसाचं नाव देता येत नाही रस्त्याले."

"ताई, बेल एकोणीसशे बावीस साली वारला. साऱ्या दुनियेले ठाऊक आहे!"

"दुनियेले असन. फाइलीत नाही ना." त्या शांतपणे पुढे गेल्या. "गावासाठी काय कार्य केलं, थे लिहा. आन् वारसायचं ना-हरकत लागते. मांगं एका रस्त्याचं नाव देलं, त पुतन्या कोर्टात गेलता."

मी टेबलावर हात आपटला. त्यांच्या हातात फोन होता, शेजारच्या बाबूच्या हातात होता, दारातल्या शिपायाच्या कानाला तर चिकटलेलाच होता. "ज्याच्या ज्याच्या हातात फोन आहे तो तो बेलचा वारस! सगळं ऑफिस वारस आहे!"

"मंग सगळ्यायच्या सह्या आना," विमलताई म्हणाल्या. त्या गमतीत म्हणाल्या की खरंच, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी सह्या गोळा करायला लागलो तेव्हा मात्र त्यांना माझी दया आली. त्यांनी मार्ग काढून दिला: ठराव व्हायला वर्ष लागेल, तोवर पंधरा दिवसांची फ्लेक्सची परवानगी घ्या आणि तात्पुरत्या पाट्या लावा.

आणि इथे माझी चूक झाली. एवढी एकच कबूल करतो.

कपिलचं फ्लेक्सचं दुकान स्टँडसमोर आहे. मी त्याला सहा जणांचे फोटो, नावं, जन्म आणि मृत्यूची सालं, गल्ली क्रमांक आणि प्रत्येक गल्लीतल्या एका जबाबदार रहिवाशाचं नाव पाठवलं. सकाळी मी यवतमाळला निघालो होतो, कुरिअरच्या डेपोत जाऊन खोकं स्वतःच्या हाताने आणायला. त्यामुळे नमुना बघायला थांबलो नाही. निघताना त्याला एवढंच म्हटलं, की मजकूर तू तुझ्या पद्धतीनं बसव. आपल्याकडे फ्लेक्सवर माणसाचा फोटो दोनच कारणांनी चढतो हे मला कळायला हवं होतं. एकतर त्याचा वाढदिवस असतो, नाहीतर तो गेलेला असतो. आणि मृत्यूची सालं तर मीच दिली होती.

डेपोतल्या माणसाने सांगितलं, तुमचं पार्सल आजच सकाळी गाडीवर चढवून तुमच्याच गावाला पाठवलं. मी आलो त्याच एसटीच्या रस्त्याने ते उलट दिशेने गेलं होतं. तसाच फिरलो. चार वाजता स्टँडवर उतरलो तर पानठेल्यावरच्या माणसाने मला पाहून विडी विझवली. माझ्या लक्षात आलं नाही. पाण्याच्या टाकीपाशी दोन ओळखीच्या लोकांनी हात जोडले. मीही जोडले. मग माझ्या गल्लीचं तोंड आलं.

माझ्या कंपाउंडच्या भिंतीवर आठ फुटी फ्लेक्स. वर लोंबणारी फुलं, दोन बाजूंना दोन समया, मध्ये पांढऱ्या दाढीचे बेलसाहेब आणि मोठ्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली 'कै. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल, गल्ली क्र. ३'. आणि त्याच्याखाली 'शोकाकुल: धम्मरत्न सर व समस्त परिवार'. कपिलने पदरचं एक कबुतरही उडवलं होतं.

घरात बारा चपला. बैठकीत बाया. मधोमध साधना, आणि तिचा हात हातात धरून शेजारच्या मानीबाई. कोणीतरी डब्यात वरण-भात आणला होता, कारण अशा घरी चूल पेटत नाही. साधनाला वाटलं, बायांना मशीनचं कळलं म्हणून भेटायला आल्यात. ती सगळ्यांकडे बघून मान हलवत होती, आणि बायांना वाटत होतं, किती धीराची बाई आहे.

मानीबाई मला पाहून उठल्या. "सर, कोन होते तुमचे बेलबावा? कधी दिसले नाहीत."

"टेलिफोनवाले होते!" मी ओरडलो.

"अगा माय," मानीबाई म्हणाल्या. "नोकरीवरच गेले काय?"

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. साधनाच्या नंबरवर निरोप होता. तो मी तीनदा वाचला. 'तिसरा प्रयत्न. पत्ता सापडला. ग्राहकाच्या घरी दुःखद घटना घडल्याने वितरण केले नाही. पार्सल परत.'

म्हणजे पाटीने काम केलं होतं! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुरिअरवाला माझ्या दारापर्यंत आला होता, नाव वाचलं होतं, चपला पाहिल्या होत्या, आणि माणुसकी दाखवून निघून गेला होता. माणुसकी! मला नको होती, मला खोकं हवं होतं. मी त्यांच्या मदत क्रमांकावर फोन लावला. एक बाई म्हणाली मराठीसाठी एक दाबा. दाबला. तक्रारीसाठी चार दाबा. दाबला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. बेलने पहिल्यांदा टेलिफोनवरून आपल्या मदतनिसाला हाक मारली, 'वॉटसन, इकडे या,' तेव्हा तो माणूस शेजारच्या खोलीतून उठून आला होता. त्याने बेलला चार दाबायला सांगितलं नव्हतं. दीडशे वर्षांत यंत्र एवढं सुधारलं की आता पलीकडे कोणी येतच नाही.

बायांमधून साधना माझ्याकडे बघत होती. तिने माझ्या हातातला फोन बघितला, माझं तोंड बघितलं, आणि तिला कळलं.  तिने फक्त मानीबाईंच्या हातातून हात सोडवला आणि पदर सारखा केला, अकरा वाजले की उठते तशी.

मग मात्र माझा तोल गेला. मी बाहेर आलो, फ्लेक्सच्या दोऱ्या तोडल्या आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून जे सुरू केलं ते मला सगळं आठवत नाही. कुरिअरवाल्यापासून सुरुवात झाली. मग काउंटरवरची मुलगी, नगर परिषद, कपिल, कपिलचं कबुतर, रामरावांचं पिवळं गेट, महावितरण, पेपरात 'शोधलं' लिहिणारी पोरं. मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. रामराव गेटपर्यंत आले आणि परत गेले. भीमसिंग येऊन नुसते शेजारी उभे राहिले, बसमध्ये दोन प्रवासी भांडताना राहायचे तसे.

पंधरा-वीस मिनिटांनी गल्लीत एक मोटरसायकल शिरली. मागे मोठी पिशवी, वर चाळिशीचा, टक्कल पडायला लागलेला माणूस. "धम्मरत्न सर तुमीच ना?" त्याने विचारलं. "मी रवी. कुरिअरवाला."

मी श्वास घ्यायला थांबलो.

"मी कालव्याच्या पुलावर चहा पेऊन राह्यलो होतो, यवतमाळले माघारी चाललतो," तो म्हणाला. "त तुमचा आवाज आला. चहावाल्याले इचारलं, हे कोन? थो म्हणे, धम्मरत्न सर. मी म्हटलं, याईच्या घरी त मयत हाय. मंग इचार केला, दुःखाच्या घरी इतकं कोनी ओरडत नाही. म्हणजे कोनीच गेलं नसन."

त्याने खोकं काढलं. मी खिशातून साधनाचा फोन काढून त्याला ओटीपी सांगितला आणि लगेच पुन्हा सुरू झालो, कारण तो चुकला तर होताच: दोनदा परत का गेला, टाकीपाशी विचारलं का नाही, नोकरी कशासाठी करतो. रवीने मान डोलावत सगळं ऐकून घेतलं आणि ऐकता ऐकता फोनवर काहीतरी टाइप करत राहिला. "पत्त्यात खूण टाकून राह्यलो सर," तो म्हणाला. "पुढच्या डावाले कोनालेबी सापडन." मी वाकून वाचलं. 'पाण्याच्या टाकीमागे, ओरडणारे सर.'

मी तोंड उघडणार तेवढ्यात दारातून आवाज आला.

"अहो."

साधना उभी होती. खोकं तिने कधी नेलं मला कळलं नाही. डॉक्टरांनी शिकवलं होतं तशी मशीन कानात बसवली होती आणि एक हात तिथेच होता. मागे बाया. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मला फार दिवसांनी बघत होती.

"तुम्हीच बोलून राह्यले काय हे?"

"हो," मी म्हटलं.

"अशेच बोलता? रोज?"

 भीमसिंग रस्त्याकडे बघायला लागले.

"मले वाटे," साधना म्हणाली, "रिटायर झाल्यावर तुम्ही शांत झाले. मी ममतालेबी सांगितलं होतं, बाबा आता शांत झाले म्हणून."

चार वर्षं माझी ही सगळी आरडाओरड त्या घरात हळू बोलण्यासारखी पोचत होती आणि ती बाई त्या माणसाबरोबर सुखाने राहत होती. मला लाज वाटली. रागावणाऱ्या माणसाला लाज वाटते तेव्हा ती कुठे ठेवायची ते कळत नाही, म्हणून मी फ्लेक्सची घडी घालत बसलो. बेलसाहेबांची घडी दाढीतच पडली.

रविवारी नऊ वाजता साधनाने स्वतः फोन लावला. खुशी आधी घुमी होती. मग आजीने विचारलं, "सायकलवरून पडलीस तेव्हा गुडघा फुटला होता की कोपर?" आणि पुढे पाऊण तास मला आतून फक्त साधनाचं हसू ऐकू येत होतं. मी अंगणात बसून रडलो. तेवढ्यात शनिवारचं राहिलेलं टपाल घेऊन पोस्टमन आला. पत्र सरळ माझ्या हातात दिलं, टाकीपाशी कुणाला विचारावंही लागलं नव्हतं. पत्र नगर परिषदेचं होतं: 'आपल्या अर्जान्वये कै. बेल यांच्या वारसांचे मूळ ना-हरकत प्रमाणपत्र अप्राप्त असल्याने, तसेच वारस स्थानिक रहिवासी असल्याबाबत पुरावा जोडलेला नसल्याने...'

डोक्यात घण बसला. पण आत खुशी शाळेतलं काहीतरी सांगत होती, आणि साधना "मग? मग काय झालं?" म्हणत होती. मी पत्र खिशात घातलं, हळूच गेट उघडलं, पाण्याची टाकी ओलांडली, स्टँड ओलांडलं आणि कालव्यापर्यंत चालत गेलो. पुलावर कोणी नव्हतं. तिथे पाण्याकडे तोंड करून मी मन मोकळं केलं. मग शांत चेहऱ्याने घरी आलो.

साधना ओट्याशी कुकर लावत होती. मागे न वळता म्हणाली, "वारसाचं पत्र आलं वाटते?"